गाडी आलीच नाही

शिंपीकाका अंधार फिटायच्या आत खाली येऊन उभे राहिले होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत शाल, चष्म्याची डबी आणि केंद्राची फाइल. डायलिसिस केंद्राची गाडी त्यांना न्यायला येणार होती. उजाडलं, पेपरवाला येऊन गेला, समोरच्या किराणा दुकानाचं शटर वर गेलं, तरी गाडीचा पत्ता नव्हता. केंद्रात फोन लावला तर कुणी उचलेना. पुन्हा जिना चढायची ताकद नव्हती, म्हणून ते पायरीवरच टेकले. शेवटी दुकानदारानेच त्यांना आपल्या गाडीत बसवून केंद्रात नेलं. तोवर त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. उद्या या, असं सांगून नर्सने त्यांना परत पाठवलं. ते ‘उद्या’ आले ते स्ट्रेचरवर. छातीत पाणी झालं होतं आणि एक साधं वाक्य पुरं करताना त्यांना मध्येच थांबून श्वास गोळा करावा लागत होता.

तक्रार ही पहिली नव्हती. ‘गाडी आलीच नाही’ असं सांगणारे पेशंट गेल्या काही आठवड्यांत अधूनमधून निघत होते. पण ते चालतेफिरते, टॅक्सी करून येणारे आणि आल्यावर रिसेप्शनवर आवाज चढवणारे. त्यांची माफी मागितली की प्रकरण मिटायचं. शिंपीकाकांचं प्रकरण माफीवर मिटण्यातलं नव्हतं.

मॅनेजरबाईंनी धाकटीला केबिनमध्ये बोलावलं. केंद्रातली कॉम्प्युटरची सगळी कामं धाकटीकडे होती. समोर सगळे तिला मॅडम म्हणत, पण केंद्राच्या ड्रायव्हरने एकदा चारचौघांत ‘ए धाकटे’ म्हणून हाक मारली आणि तेव्हापासून पाठीमागे तिचं तेच नाव पडलं. ड्रायव्हरला तो हक्क होता. तो तिच्या ताईचा नवरा, म्हणजे तिचे दाजी. नोकरीला तिनेच त्यांना इथे चिकटवलं होतं. आणि रोज पहाटे कुणाकुणाला घ्यायचं याची यादी दाजींच्या फोनवर पाठवणारा प्रोग्रॅमही तिनेच लिहिलेला.

“यादी तुमची, गाडी तुमच्या दाजींची,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “मी विचारायचं कुणाला?”

“काकांचं नाव यादीत होतं का, ते मी बघते.”

“तुम्हीच बघणार,” असं म्हणून मॅनेजरबाईंनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने सावकाश पुसायला घेतला. धाकटी उठली तेव्हा तिचे कान तापले होते.

आपल्या टेबलावर येऊन तिने डेटाबेसला विचारलं: त्या दिवशी गाडीने यायचे पेशंट दाखव, घ्यायच्या वेळेच्या क्रमाने. यादी पडद्यावर आली. शिंपीकाका सगळ्यात वर होते. नाव, पत्ता, वेळ, सगळं बरोबर. तक्रार केलेल्या आधीच्या पेशंटचे दिवस तिने काढून बघितले. त्यांचीही नावं जागच्या जागी होती. तिला हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. प्रोग्रॅम सुटला होता. अडकले होते दाजी.

तसे ते अडकणारेच, हे तिच्या मनात आधीपासून होतं. दाजी स्वभावाने गोड, बोलायला बसले तर समोरच्याला उठू न देणारे. पण नोकरी म्हटली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. लग्नाआधी कुरियरच्या कंपनीत होते, तिथून गोदामात गेले, मग कुठल्याशा कारखान्याची बस चालवली. प्रत्येक ठिकाणी साहेब वाईट निघाला. सकाळचं उठणं तर त्यांना शत्रूसारखं. पहिला पेशंट गाळला की अंथरुणात थोडं जास्त लोळता येतं, हा हिशेब समजायला कॉम्प्युटर लागत नव्हता.

दाजी पार्किंगमध्ये गाडीच्या सीटा पुसत होते.

“शिंपीकाकांना का नाही घेतलंत?”

“नाव नव्हतं.”

“होतं. मी आत्ता बघून आले. पहिलंच होतं.”

“तुझ्याकडे असेल. माझ्याकडे नव्हतं.”

“फोन दाखवा.”

त्यांनी फोन पुढे केला. पडदा कोरा होता. पेशंट गाडीत बसला की दाजी त्याच्या नावावरून बोट फिरवायचे आणि नाव नाहीसं व्हायचं. फेरी संपेपर्यंत यादी रिकामी. आजारी माणसांची नावं फोनवर पडून राहू नयेत म्हणून धाकटीनेच ती सोय केली होती.

“यात तर काहीच नाही.”

“कसं असेल? तूच तसं बनवलंयस.” दाजींनी फडकं बादलीत पिळलं आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं. वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं. नेहमीचं हसू नव्हतं, थट्टा नव्हती. या माणसाला खोटं बोलताना लाजही वाटत नाही, असं मनात म्हणत ती वर आली.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. दाजी घरी नव्हते. ताई टेबलावर जुनी चादर पसरून इस्त्री करत होती. शिंपीकाकांचं तिला कळलं होतं, पण दाजींवर ठपका येतोय हे माहीत नव्हतं. धाकटीने शब्द सांभाळून विचारलं, “सकाळी उठायला उशीर होतो का ग त्यांना?”

“उशीर? उलट हल्ली गजर व्हायच्या आत उठतात. चहासुद्धा माझ्यासाठी थांबत नाहीत. आधी जायचे त्यापेक्षा अर्धा तास तरी लवकर निघतात.”

“का पण? पहिल्या पेशंटची वेळ बदललेली नाही.”

“मी विचारलं. म्हणाले, रस्त्याला गर्दी असते.”

“पहाटे?”

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. बराच वेळ ती हातातल्या शर्टाची कॉलर उलटसुलट करत राहिली. धाकटीला वाटलं, आपण विचारायला नको होतं. पण विचारून झालं होतं.

“फोन हल्ली उशाखाली घेऊन झोपतात,” ताई हळू आवाजात म्हणाली. “उठल्या उठल्या त्यात डोकं. मी जवळ गेले की पालथा घालतात. धाकटे, कुणी आहे का ग?”

“काहीतरीच काय.”

“मग बघून ये ना. तुझ्याच ऑफिसची गाडी आहे.”

धाकटी नाही म्हणाली आणि घरी जाताना तिने स्कूटरमध्ये पेट्रोल भरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्याआधी तिने लॅपटॉप उघडून यादी बघितली. पहिलं नाव ग्रंथपालबाईंचं होतं. वाचनालयातून निवृत्त झालेल्या, काठी टेकत चालणाऱ्या, नर्सचंही मराठी सुधारणाऱ्या बाई. त्यांचं घर कुठे आहे ते धाकटीला ठाऊक होतं. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी ती दिवा बंद करून थांबली. केंद्राची गाडी बाहेर पडली आणि ग्रंथपालबाईंच्या घराकडे न वळता उलट्या दिशेला गेली.

तिच्या मनात पाल चुकचुकली. कालपर्यंत तिला आळस दिसत होता. आता जे दिसत होतं त्याला तिला नाव देववत नव्हतं. ती अंतर राखून मागे राहिली. गाडी एका तीनमजली इमारतीसमोर मंदावली. दाजींनी काच खाली करून वरच्या खिडक्यांकडे बघितलं. खिडकीत उजेड नव्हता. गाडी पुढे गेली. मग एका बेकरीच्या मागच्या बोळात, तिथेही तसंच; थांबायचं, दाराकडे बघायचं, निघायचं. असा हा माणूस कुणाला शोधत फिरतो, आणि ती कोण जी अशी दारं बदलते, हे धाकटीला कळेना. ताईला काय सांगायचं याची वाक्यं ती मनात जुळवायला लागली होती.

पुढच्या वळणानंतर मात्र गाडी ग्रंथपालबाईंच्या फाटकाशी जाऊन थांबली. बाई उभ्याच होत्या. दाजींनी उतरून त्यांची काठी धरली, हात दिला, आत बसवलं, गुडघ्यावर शाल नीट केली. मग स्वतः पुढे येऊन बसले आणि गाडी सुरू केली.

धाकटी बघत होती ती त्यांच्या हाताकडे. फोन समोरच अडकवलेला होता. पेशंट बसला की नावावरून बोट फिरवायचं. दाजींनी फोनला हातसुद्धा लावला नव्हता.

तिने स्कूटर गाडीच्या पुढे नेऊन आडवी घातली.

दाजी दचकले, पण तिला बघून त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव आला नाही. उलट आपणच चोर पकडल्याचा आला.

“बाईंचं नाव का नाही काढलंत?” तिने खिडकीशी येऊन विचारलं.

“काढायला आधी असावं लागतं.” त्यांनी फोन उपसून तिच्यासमोर धरला. “बघ. आत्ता बघ, कोरा व्हायच्या आत.”

यादीतलं एकही नाव अजून काढलेलं नव्हतं. घड्याळाच्या दुकानवाल्या पेशंटचं नाव वर, त्याखाली बाकीचे. ग्रंथपालबाई नव्हत्या. धाकटीने त्यांचं नाव थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

“हे कसं…”

“मला विचारतेस? यादी तू पाठवतेस. नावं तूच काढतेस.”

“मी?”

“दुसरं कोण आहे? पहिल्या दोन तक्रारी आल्या तेव्हा मी सांगितलं, नाव नव्हतं. कुणी ऐकलं? मग मी ठरवलं, सकाळचे पेशंट मला पाठ आहेत, त्यांच्या दारावरून एक चक्कर टाकायची. कुणी उभं दिसलं की घ्यायचं. म्हणून इतके दिवस निभावलं. शिंपीकाका कायम दुपारचे. त्यांना सकाळी घातलंय हे मला कुणी सांगितलं?”

“मग मला सांगायचं होतं ना दाजी.”

“ज्याच्यावर संशय त्यालाच जाऊन सांगू? तुझ्या ताईलाही फोन दिसू देत नव्हतो, तिच्या बहिणीवर संशय घेतोय हे तिला कसं सांगणार?”

“मी कशाला तुमची नोकरी घालवीन? मीच लावली ना?”

दाजींनी आरशात बघून आवाज खाली आणला. “लग्नाआधी तू ताईला म्हणालीस, या माणसाची नोकरी वर्षभर टिकली तर मला कळव. मी बाहेर चपला काढत होतो. आता इथे वर्ष होत आलंय.”

धाकटीला ते वाक्य आठवलं. कुठल्या खोलीत, काय खाताना म्हटलं तेसुद्धा आठवलं. त्यांनी ते ऐकलं होतं आणि एवढे दिवस तिच्याशी हसत बोलत आले होते. यातलं खरं कुठलं, हे तिला एकदम ठरवता येईना.

मागून ग्रंथपालबाईंनी काठी आपटली. “तुमचं दोघांचं झालं असेल तर मला मशीनवर पोचवा. मग खुशाल भांडा. शुद्ध बोलताय, ऐकायला हरकत नाही, पण माझी वेळ जाते.”

केंद्र उघडल्याबरोबर धाकटी टेबलावर येऊन बसली. आतापर्यंत ती डेटाबेसला प्रश्न विचारून यादी बघत होती, आणि प्रश्न बरोबर होता. उत्तरही बरोबर होतं. पण ते उत्तर दाजींच्या फोनपर्यंत नेणारा हमाल वेगळा होता, आणि त्या हमालाकडे तिने एकदाही बघितलं नव्हतं. तिने प्रोग्रॅम उघडला आणि आपण लिहिलेला नाही असं समजून वाचायला लागली.

डेटाबेस प्रोग्रॅमच्या हातात सगळी यादी एकदम देत नाही. ‘पुढची ओळ दे’ म्हटलं की एक ओळ देतो. पुन्हा म्हटलं की तिच्या पुढची. ओळी संपल्या की काही नाही म्हणून सांगतो. एकदा दिलेली ओळ तो पुन्हा देत नाही. घेतलेली ओळ सांभाळायची जबाबदारी घेणाऱ्याची.

प्रोग्रॅममध्ये सुरुवातीलाच एक तपासणी होती: पुढची ओळ दे, काहीच आलं नाही तर आज पेशंट नाहीत, इथेच थांब. ओळ आली तर कामाला लाग. आणि कामाला लागताना खाली पहिलं वाक्य पुन्हा तेच: पुढची ओळ दे. तिथून एकेक पेशंट घेऊन फोनवर पाठवायला सुरुवात. वरच्या तपासणीत हातात आलेली ओळ कुठेच पाठवली जात नव्हती. पेशंट आहेत का, एवढं बघण्यासाठी प्रोग्रॅम रोज पहिल्या पेशंटला उचलायचा, आहेत म्हणून खात्री करून घ्यायचा आणि त्याला तिथेच टाकून द्यायचा.

तिने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. ही तपासणी पूर्वी नव्हती. केंद्राला सुट्टी असली तरी रिकामी यादी जायची आणि दाजींचा फोन पहाटे वाजायचा. सुट्टीच्या दिवशी तरी झोपू दे ग, असं ते एकदा जेवताना म्हणाले, आणि जेवण झाल्यावर ताईकडच्या सोफ्यावर बसूनच तिने हे चार शब्द घालून दिले होते. तपासून बघितलं ते सुट्टीच्या दिवसासाठी. फोन वाजला नाही. दाजींनी तिला आइस्क्रीम आणून दिलं.

मॅनेजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर विश्वास उमटला नाही.

“कालपर्यंत प्रोग्रॅम बरोबर होता. आता दाजींवर आलं म्हणून चुकला?”

“तेव्हा मी चुकीच्या जागी बघितलं.”

“आणि दाजींना वाचवायला हे कालच घातलं नसेल कशावरून?”

“जुनी प्रत आहे, बदलाची तारीख पडलेली आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर तुम्ही स्वतः चालवून बघा.”

मॅनेजरबाईंनी खरंच स्वतः बघितलं. धाकटीला बाजूला उभं करून त्यांनी नमुन्याच्या यादीत आपल्या हाताने नावं टाइप केली. पहिलं स्वतःचं, मग नर्सचं, रिसेप्शनवरच्या मुलीचं, अजून कुणाकुणाचं. बटण दाबलं. फोनवर नर्सपासून यादी आली. त्यांनी स्वतःचं नाव तळाला टाकून बघितलं; ते आलं, नर्स गेली. बराच वेळ त्या नावं वरखाली करत राहिल्या, जणू कुठेतरी धाकटीची लबाडी सापडेलच. शेवटी त्यांनी फोन टेबलावर ठेवला.

“म्हणजे इतके दिवस तो माणूस आपला डोळ्यांत तेल घालून फिरत होता.”

“हो.”

“आणि आपण त्याला नोटीस काढायला निघालो होतो.”

दुरुस्ती लहानशी होती. तपासणीत आलेली ओळ टाकून न देता तिच्यापासूनच कामाला सुरुवात करायची. मॅनेजरबाईंनी धाकटीला लेखी ताकीद दिली आणि यापुढे प्रोग्रॅममध्ये एक अक्षर बदललं तरी दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय चालवायचं नाही, असा नियम केला. ताकीद घेताना धाकटीला वाईट वाटलं नाही. ते शिंपीकाकांकडे जायचं ठरलं तेव्हा वाटलं.

दाजी तिच्याबरोबर वॉर्डात आले. ‘या’ असं ती म्हणाली नव्हती. तिने बूट काढले तेव्हा ते मागे उभे होते. काकांची छाती आता बरीच मोकळी झाली होती. उशीला टेकून ते खिडकीच्या पडद्याची शिवण निरखत होते. धाकटीने जेवढं साध्या शब्दांत सांगता येईल तेवढं सांगितलं. काकांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे मुद्दाम कुणी केलं नाही?”

“नाही काका. चूक माझी. पण मुद्दाम नाही.”

“मला वाटलं,” काका म्हणाले आणि श्वासासाठी थांबले, “वरच कुणीतरी ठरवलं असेल. हा म्हातारा आता किती दिवसांचा. मशीन दुसऱ्याला देऊ. पायरीवर बसल्या बसल्या हेच डोक्यात. घरी कुणाला बोललो नाही.”

दाजींनी पुढे होऊन काकांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

परतताना गाडीत ती पुढे, त्यांच्या शेजारी बसली. सिग्नलला दाजी म्हणाले, “मला तुझं पटलं हं. मॅनेजरबाई प्रोग्रॅम चालवून बघत होत्या ते मी दारातून बघत होतो.”

“म्हणजे नुसतं मी सांगून पटलं नसतं.”

“तुला पटलं असतं का, मी सांगून?”

ती नाही म्हणाली. ते हसले, पण अर्धवटच. तो आठवडा दोघांनी एकमेकांशी फार जपून बोलून काढला. ताईने मात्र दोघांना समोर बसवून झापलं. एकाने बायकोपासून फोन लपवला, दुसरीने मला नाही म्हणून गुपचूप नवऱ्याच्या मागे स्कूटर घातली, आणि रोज सकाळी दार लावून मी घरात काय काय विचार करत बसत असेन याची फिकीर दोघांना नाही, असं ती म्हणाली. बोलता बोलता रडली. मग त्यांना जेवायला वाढलं, पण स्वतः त्यांच्याबरोबर बसली नाही.

शिंपीकाका घरी गेले आणि त्यांचे डायलिसिसचे वार पुन्हा सुरू झाले. आदल्या संध्याकाळी ते न चुकता धाकटीला फोन करायचे.

“उद्या माझं नाव आहे का?”

“आहे काका. ड्रायव्हरच्या फोनवरही बघितलं.”

“कितवं?”

“पहिलं.”

“पहिलं नको ग. दुसरं टाक.”

आता पहिलं आणि दुसरं सारखंच, हे तिने त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा तिने ग्रंथपालबाईंना विचारून त्यांची वेळ काकांच्या थोडी आधी घेतली, मॅनेजरबाईंकडून बदल तपासून घेतला आणि काकांना फोन करून सांगितलं की उद्यापासून तुम्ही दुसरे.